न जुळलेला फरा: सोलापुरातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या खांद्याची शस्त्रक्रिया

पाठीमागचं ते त्रिकोणी, पसरट हाड, म्हणजे फरा किंवा स्कॅप्युला, मोडलं तर आपोआप जुळतं, हे अस्थिरोगशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते खरंही आहे. या हाडाला 17 स्नायू चिकटलेले असतात, तीन बाजूंनी येणाऱ्या रक्तवाहिन्यांचं जाळं त्याच्याभोवती असतं आणि पुढून-मागून मांसाचं जाड आवरण असतं. जुळायला याहून चांगली जागा शरीरात क्वचितच सापडेल. पण ही खात्री इतकी घट्ट झाली आहे की अपघातानंतर आठ-दहा महिने रुग्ण फऱ्यावर हात ठेवून ‘इथंच दुखतंय’ म्हणत असला, तरी डॉक्टर मान, सांधा, नस सगळं तपासतात आणि हाडाकडे परत बघत नाहीत. पुढचं प्रकरण मी त्यासाठीच सविस्तर लिहितो आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि अपघात

वय 43, सोलापूरच्या पूर्व भागात घर, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवण्याचं काम. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वॉर्डातल्या सिस्टरपासून मावशींपर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून इथंही अण्णाच म्हणतो. कामाचा हात उजवा. पत्नी घरी विड्या वळतात. दोन मुलं शिकत आहेत.

फेब्रुवारीत रात्रपाळी संपवून अक्कलकोट रोडने मोटारसायकलवरून येताना मागून टेम्पोची धडक बसली आणि अण्णा उजव्या अंगावर पडले. उजव्या बाजूच्या चौथी ते सातवी या बरगड्या मोडल्या, छातीत रक्त साचलं, नळी घालावी लागली. उजवा फराही मोडला होता. त्या वेळी त्यांच्यावर ज्यांनी उपचार केले त्यांचं लक्ष आधी श्वासाकडे होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. फरा मोडायला जबरदस्त आघात लागतो. सगळ्या फ्रॅक्चरमध्ये त्याचा वाटा एक टक्क्याहून कमी आहे. तो मोडतो तेव्हा बरगड्या, फुप्फुस, डोकं, हाताच्या नसांचा गुच्छ यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा सोबत दुखावलेलं असतं. फरा मोडलेला दिसला की छाती तपासा, हा आपत्कालीन विभागाचा जुना नियम आहे.

फऱ्यावर तेव्हा शस्त्रक्रिया झाली नाही, हाही निर्णय योग्य होता. त्या वेळचा सीटी स्कॅन मी नंतर पाहिला. फ्रॅक्चरची रेघ सांध्याच्या वाटीपासून बरीच खाली होती, बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आडवी गेलेली. दोन तुकडे एकमेकांवरून साधारण 12 मिलिमीटर सरकले होते आणि त्यांच्यात 25 अंशांच्या आसपास बाक होता. बहुतेक शल्यचिकित्सक सरकणं 20 मिलिमीटरच्या किंवा बाक 45 अंशांच्या पुढे गेला, किंवा वाटीचा तिरकेपणा दाखवणारा ग्लेनोपोलर कोन 22 अंशांखाली आला, तरच ताज्या फ्रॅक्चरवर शस्त्रक्रियेचा विचार करतात. हा कोन निरोगी माणसात साधारण 30 ते 45 अंश असतो, अण्णांचा 29 होता. म्हणजे गळ्यात झोळी, दोन-तीन आठवडे विश्रांती आणि मग व्यायाम. शंभरातल्या बहुतेक रुग्णांचं यातच भागतं.

अण्णांचं भागलं नाही, त्यामागे त्यांचं कामही आहे. यंत्रमागावर मजुरी नगावर मिळते. माग बंद तर पैसे बंद. सहाव्या-सातव्या आठवड्यात ते परत मागावर उभे राहिले. तुटलेला धागा जोडायला मागावर ओणवं व्हायचं, धोट्यातली कांडी बदलायची, हात पुढे लांबवून दिवसभर हेच. बीम उचलताना दुसरा माणूस असतो, पण ओझं खांद्यावर यायचं ते येतंच. त्यांना कोणी रागावून काही साध्य झालं असतं असं मला वाटत नाही. सहा आठवडे घरी बसलेल्या माणसाला आणखी सहा आठवडे बस म्हणणं सोपं आहे, त्या घराचा किराणा कुठून येणार हेही त्याच वाक्यात सांगता आलं पाहिजे.

मधले महिने

माझ्याकडे ते डिसेंबरात आले, अपघाताला दहा महिने होत आले होते. हातात जाडजूड फाईल. मानेचा एक्स-रे, त्यात ‘मणक्यांची झीज’. 43 वर्षांच्या कष्टकरी माणसाच्या मानेत ती दिसणारच. खांद्याचा एमआरआय, त्यात वरच्या स्नायूबंधाला किंचित सूज. त्यावर खांद्यात इंजेक्शन देऊन झालं होतं, फरक पडला नव्हता. शेक, मसाज, पट्टा, नसांच्या गोळ्या. एका कागदावर ‘बरगड्यांमधल्या नसेचं दुखणं’, दुसऱ्यावर ‘फ्रोझन शोल्डर’.

खांद्याच्या एमआरआयबद्दल इथं थांबून सांगतो, कारण कोडं त्यातच अडकलं होतं. खांद्याचा नेहमीचा एमआरआय सांध्याभोवतीचा भाग दाखवतो: वाटी, दंडाचं डोकं, स्नायूबंध. फऱ्याचा खालचा अर्धा भाग त्या चौकटीत येतच नाही. अण्णांचं फ्रॅक्चर तिथंच होतं. अहवालात ‘हाडात इजा नाही’ असं लिहिलं होतं आणि जेवढं दिसलं तेवढ्यापुरतं ते चूक नव्हतं. पण पुढे ज्यांनी तो कागद वाचला, त्यांनी ‘फरा जुळला’ असा अर्थ घेतला. साध्या एक्स-रेवरही अडचण असते, फऱ्यावर बरगड्यांच्या सावल्या पडतात आणि रेघ झाकली जाते. अण्णांच्या तर त्याच बाजूच्या बरगड्या मोडून जुळलेल्या होत्या, म्हणजे गोंधळ आणखी वाढलेला.

अण्णांनी मात्र पहिल्याच भेटीत निदानाच्या जवळ जाणारी गोष्ट सांगितली. ‘साहेब, हात वर केला की फऱ्यात कट्कन वाजतंय. बायकोलाबी ऐकू येतंय.’ त्यांच्या पत्नींनी मान हलवली. ‘रात्री कूस बदलली तरी वाजतंय हो. त्यांना झोपच नाही.’

तपासणीत उजवा हात ते स्वतःहून 95 अंशांपर्यंतच वर नेऊ शकत होते. मी आधार देऊन नेला तर 140 पर्यंत जात होता. हा फरक महत्त्वाचा आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये सांधाच आखडलेला असतो, दुसऱ्याने उचललं तरी हात तिथंच अडतो. इथं सांधा मोकळा होता, उचलायचं बळ किंवा आधार कमी पडत होता. हात बाहेर फिरवायची ताकद बरीच कमी, आणि ती लावताना फऱ्याच्या बाहेरच्या कडेवर कळ. मी एका हाताच्या अंगठ्याने फऱ्याचं खालचं टोक धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दंड हलवला. वरचा भाग हलत होता, खालचं टोक त्याच्याबरोबर येत नव्हतं, मागाहून झटक्याने येत होतं. बोटाखाली करकर लागत होती.

हात पूर्ण वर जातो तेव्हा एकूण हालचालीचा साधारण एक तृतीयांश भाग फरा छातीवरून फिरण्यातून येतो. फरा मधोमध तुटलेला असेल, तर खालच्या टोकाला ओढणारे स्नायू वाटीला फिरवूच शकत नाहीत. ओढ मधल्या भेगेतच संपते.

तपास

पूर्ण फऱ्याचा सीटी स्कॅन केला, त्रिमितीय चित्रांसह. बाहेरच्या कडेला तीन-चार मिलिमीटरची फट होती, दोन्ही टोकं गोल झालेली आणि पांढरी, कडक. नवीन हाडाचा पूल नावालाही नव्हता. आतल्या कडेला थोडं जुळल्यासारखं वाटत होतं, पण कापांमधून बघत गेल्यावर तेही पोकळ निघालं. अपघाताला नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत जुळण्याची काहीच प्रगती नसेल तर नॉनयुनियन म्हणायचं, ही रूढ व्याख्या इथं पूर्ण बसत होती.

तरीही सीटीवर फट दिसली म्हणून दुखणं तिथूनच येतंय हे सिद्ध होत नाही. काही रुग्णांचा फरा जुळलेला नसतो आणि त्यांना फारसा त्रासही नसतो. म्हणून सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्राखाली बघत त्या फटीत थोडं बधिर करणारं औषध सोडलं. वीस मिनिटांनी अण्णांनी हात 130 अंशांपर्यंत नेला आणि स्वतःच चकित झाले. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना या एका चाचणीवर माझा सर्वांत जास्त भर होता. मोठा छेद घेण्याआधी दुखण्याचं मूळ बोटाने दाखवता आलं पाहिजे.

नसांची तपासणी केली, कारण हात बाहेर फिरवण्याची ताकद कमी असण्याचं कारण सुप्रास्कॅप्युलर नस हेही असू शकतं. ती ठीक होती. जंतुसंसर्ग, सूज दाखवणारे रक्तातले ईएसआर, सीआरपी सामान्य. थायरॉईड, साखर ठीक. व्हिटॅमिन डी मात्र 11 नॅनोग्रॅम, म्हणजे बरंच कमी. आमच्या सोलापुरात ऊन इतकं, आणि मागावरचा माणूस दिवसपाळीत कारखान्यात, रात्रपाळीनंतर दिवसा झोपलेला. ऊन त्याच्या अंगाला लागतच नाही.

का जुळलं नाही

एकच कारण सांगता येत नाही. तुकडे सरकलेले होते, त्यात बाक होता. फऱ्याच्या खालच्या तुकड्याला टेरेस मेजर हा स्नायू बाहेर-वर ओढतो, वरच्या भागाला वाटीखालून ट्रायसेप्सचं लांब टोक ओढतं, म्हणजे हात पुढे-वर करण्याच्या प्रत्येक कामात फट उघडत-मिटत होती. लवकर सुरू झालेल्या कामाने त्यात भर घातली. व्हिटॅमिन डी कमी. आणि तंबाखू.

अण्णा दिवसातून आठ-दहा वेळा चुना लावून मळलेली तंबाखू खायचे. धूम्रपानाने हाड उशिरा जुळतं याचे पुरावे भक्कम आहेत. चघळायच्या तंबाखूवर तेवढे अभ्यास नाहीत, पण निकोटीन रक्तात जातं आणि लहान रक्तवाहिन्या आकसवतं, हे दोन्हींत समान आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, ‘अण्णा, तंबाखू सुटल्याशिवाय मी टेबलावर घेणार नाही. मी प्लेट बसवीन, पण हाड तुम्हालाच जुळवायचंय.’

ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथं हे बोलणं फार सोपं नसतं. सुपात तंबाखू पडलेलीच असते आणि त्यावर घर चालतं. काम सोडा असं मी पत्नींना म्हणू शकत नव्हतो आणि म्हटलंही नाही. त्यांनीच मार्ग काढला. त्या शेजारच्या बाईंच्या ओसरीवर जाऊन विड्या वळू लागल्या आणि अण्णांच्या शर्टाचे खिसे रोज तपासू लागल्या. अण्णांना निकोटीनचं च्युइंगम देता आलं असतं, पण तेही निकोटीनच, म्हणून शस्त्रक्रियेआधीचे शेवटचे आठवडे तेही नको असं ठरवलं. समुपदेशकाकडे पाठवलं. व्हिटॅमिन डी दर आठवड्याला 60,000 युनिट, आठ आठवडे.

तारीख जानेवारीत घ्यायची का, यावर अण्णा म्हणाले, ‘गड्डा होऊ द्या साहेब.’ संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, त्या दिवसांत घर सोडून रुग्णालयात पडून राहायची त्यांची तयारी नव्हती. तंबाखू सुटायला लागणारा वेळ मला त्यातून मिळाला. फेब्रुवारीत मूत्रातली कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा अंश) तपासणी केली, ती निकोटीन नसल्याचं दाखवत होती. मग तारीख दिली.

पर्याय

काहीच न करणं हा पर्याय आम्ही दोघांनी नीट बोललो. दुखणं जिवावरचं नव्हतं. पण बैठं काम त्यांना मिळणार नव्हतं आणि रात्रीची झोप गेली होती. हाड जुळायला मदत म्हणून वापरतात त्या ध्वनिलहरींच्या यंत्रांनी इतकी जुनी, टोकं गोल झालेली फट भरेल असं मला वाटत नव्हतं. सैल तुकडा काढून टाकणं लहान तुकड्यासाठी ठीक, इथं तर अर्धा फरा काढावा लागला असता. राहिली शस्त्रक्रिया: फट साफ करायची, टोकं रक्ताळेपर्यंत खरडायची, कमरेचं हाड भरायचं आणि दाबून प्लेट बसवायची.

फऱ्याचं नॉनयुनियन इतकं विरळ आहे की वैद्यकीय साहित्यात बहुतेक एकेका, दोनदोन रुग्णांच्या नोंदी आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना प्लेट आणि हाडाच्या ग्राफ्टनं गुण आला आहे. पण गुण न आलेल्या रुग्णांवर कोणी लेख लिहीत नाही, हेही मी अण्णांना सांगितलं. यश बहुधा येईल, हमी देता येत नाही, नसेला इजा होऊ शकते, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, एवढं बोलून सही घेतली.

शस्त्रक्रिया

भूल पूर्ण दिली. खांद्याच्या शस्त्रक्रियेत मानेतल्या नसांना बधिर करण्याची पद्धत सर्रास वापरतात, पण तिने त्या बाजूचा श्वासपटल काही तास दुबळा पडतो. अण्णांच्या त्याच बाजूची छाती वर्षभरापूर्वी दुखावलेली असल्याने भूलतज्ज्ञांनी ती टाळली आणि शेवटी जखमेच्या कडांनी औषध दिलं.

रुग्ण डाव्या कुशीवर, किंचित पुढे कलवलेला. उजवा हात पूर्ण मोकळा, हवा तसा फिरवता येईल असा. कमरेची उजवी मागची कडाही त्याच कापडांत उघडी ठेवली. कुशीवर झोपवण्याचा हा मोठा फायदा आहे, ग्राफ्टसाठी रुग्णाला उलटवावं लागत नाही.

छेद ज्युडे यांच्या पद्धतीचा. रॉबर्ट ज्युडे या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी 1964 मध्ये ही वाट वर्णिली. फऱ्याच्या आडव्या कण्यावरून आतल्या कोपऱ्यापर्यंत यायचं आणि तिथून वळून आतल्या कडेने खाली जायचं. ताज्या फ्रॅक्चरमध्ये आम्ही सहसा एवढं उघडत नाही, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर या दोन स्नायूंमधल्या फटीतून बाहेरची कडा गाठतो. या दोन स्नायूंच्या नसा वेगळ्या, त्यामुळे मधून गेलं तर कोणाचंच नुकसान होत नाही. पण वर्षभराच्या जखमेत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. खिडकीतून तुकडे सुटे होणार नव्हते. खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू कण्यावरून सोडवला, परत शिवायला कडेला पट्टी ठेवून. मग इन्फ्रास्पायनेटस आतल्या कडेपासून हाडावरून उचलत बाहेर नेला.

हा स्नायू ज्या देठावर फिरतो तो देठ म्हणजे सुप्रास्कॅप्युलर नस आणि तिच्यासोबतची रक्तवाहिनी. ती फऱ्याच्या कण्याच्या बाहेरच्या टोकाला वळसा घेऊन येते. सहाय्यकाने आकड्याने जोरात ओढलं की तिथं ताण येतो आणि बाहेर फिरवण्याची ताकद महिनोन् महिने जाते. मी माझ्या सहाय्यकांना दर काही मिनिटांनी आकडा सैल करायला सांगतो. बाहेरच्या कडेला सर्कमफ्लेक्स स्कॅप्युलर धमनी असते, ती न बघता कापली गेली तर खोल जागी रक्तस्राव होतो. ती शोधून बांधली. टेरेस मायनरच्या खाली ॲक्सिलरी नस, तिथं आम्ही गेलोच नाही. पुढच्या बाजूचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू हाडाला चिकटलेलाच राहू दिला. मागून स्नायू उचलल्यावर हाडाला रक्त मुख्यतः त्याच्याकडूनच मिळणार होतं.

फट उघडल्यावर ज्यासाठी आलो ते समोर होतं: राखाडी, चिवट तंतूंचा थर आणि त्यावर मोकळेपणी हलणारी दोन टोकं. त्या थराचे पाच वेगवेगळे नमुने वेगवेगळ्या हत्यारांनी घेतले आणि जंतुतपासणीला पाठवले. नमुने हाती आल्यावरच अँटिबायोटिक दिलं. खांद्याभोवती क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा संथ जंतू असतो. तो ना ताप आणतो, ना सीआरपी वाढवतो, आणि प्रयोगशाळेत दिसायला त्याला दोन आठवडे लागू शकतात. प्रयोगशाळेला ‘14 दिवस ठेवा’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं, नाहीतर पाच दिवसांत ‘वाढ नाही’ म्हणून ताटली फेकली जाते.

टोकं चमच्याने आणि बारीक छिन्नीने खरडली, टोकांवर रक्ताचे ठिपके उमटेपर्यंत. इथं हाडाची रचना समजून घेतली पाहिजे. फरा सुपासारखा असतो, कडा जाड आणि मधला भाग पातळ. मधला भाग उजेडासमोर धरला तर प्रकाश आरपार दिसतो, तिथं स्क्रू पकड घेत नाही. पकड मिळते ती बाहेरच्या कडेत, वाटीच्या मानेत, आडव्या कण्यात आणि आतल्या कडेला कणा जिथं मिळतो त्या कोपऱ्यात.

वाटीच्या मानेत एक जाड पिन आणि खालच्या तुकड्यात दुसरी बसवली आणि त्या दोन दांड्यांनी तुकडे जागेवर आणले. पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरला नाही. खरडल्यानंतर तीन-चार मिलिमीटर लांबी कमी झाली ती तशीच स्वीकारली आणि हाडाला हाड नीट टेकवलं. नॉनयुनियनमध्ये एक्स-रे सुंदर दिसण्यापेक्षा टोकांचा संपर्क आणि दाब मोलाचा. बाहेरच्या कडेला 2.7 मिलिमीटरची आठ छिद्रांची प्लेट दाब देऊन बसवली. आतल्या कडेला त्याच मापाची दुसरी, वाकवून, कोपऱ्यावरून खाली उतरणारी. एकट्या बाहेरच्या प्लेटवर तुकडा आतल्या बाजूने उघडत-मिटत राहिला असता. प्रत्येक छिद्र पाडताना ड्रिलला अडसर लावलेला होता, कारण पलीकडे स्नायू, बरगड्या आणि मग फुप्फुस.

कमरेच्या मागच्या कडेतून मऊ हाड काढून फटीत आणि तिच्याभोवती दाबून भरलं. डेल्टॉइड कण्यात छिद्रं पाडून जागेवर शिवला. साचणारं रक्त निघून जायला नळी ठेवली. सुमारे सव्वातीन तास लागले, रक्त साधारण 350 मिलिलिटर गेलं, द्यावं लागलं नाही. संध्याकाळी छातीचा एक्स-रे काढून फुप्फुस नीट फुगलेलं असल्याची खात्री केली.

नंतरचे महिने

दुसऱ्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर. तिसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टच्या हाताने खांद्याची हालचाल, स्वतः ताकद लावायची नाही. शिवलेला डेल्टॉइड धरायला सहा आठवडे लागतात. मार्च उजाडला आणि सोलापूरचं ऊन सुरू झालं. झोळीत काखेत घाम, घामाने पुरळ. दिवसातून दोनदा झोळी काढून, पुढे वाकून, हात लोंबता ठेवून काख कोरडी करायला त्यांच्या पत्नीला शिकवलं. तेच वाकणं म्हणजे लोलकाचा व्यायाम होता, त्यामुळे तो एकदाही चुकला नाही.

जंतुतपासणीचे पाचही नमुने 14 दिवसांनी निर्जंतुक आले. सहा आठवड्यांनी स्वतःहून हात उचलायला सुरुवात, बारा आठवड्यांनी रबरी पट्ट्यांनी ताकद. कमरेच्या जागेचं दुखणं पहिले काही आठवडे खांद्यापेक्षा जास्त होतं. हे आधी सांगितलं नसतं तर रुग्ण घाबरला असता.

तिसऱ्या महिन्यात तंबाखू पुन्हा एकदा सुरू झाली. कारखान्यातल्या सोबत्यांनी भेटायला येऊन मळून हातावर ठेवली. अण्णांनी स्वतः येऊन सांगितलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. पुन्हा समुपदेशक, पुन्हा चाचणी, पुन्हा सुटली.

चौथ्या महिन्यातल्या सीटीवर बाहेरच्या कडेला हाडाचा पूल स्पष्ट दिसला, आतल्या कडेला अर्धाअधिक. कट्कन वाजणं तर त्याआधीच थांबलं होतं. पाचव्या महिन्यात मालकाशी बोलून हलकं काम मिळालं, कांड्या भरण्याचं. सातव्या महिन्यात ते मागावर उभे राहिले, बीम उचलायचा नाही या अटीवर. अट मालकाने मान्य केली याचं श्रेय अण्णांच्या बारा वर्षांच्या कामाला आहे, माझ्या प्रमाणपत्राला नाही.

वर्षानंतर हात स्वतःहून 155 अंशांपर्यंत जातो. दहापैकी सातवर असलेलं दुखणं एक-दोनवर आलं आहे, तेही पाळी लांबली तर. हात बाहेर फिरवण्याची ताकद डाव्या बाजूच्या तुलनेत अजून कमी आहे आणि ती पूर्ण येईल असं मला वाटत नाही. स्नायू वर्षभर निकामी होता आणि आम्हीही तो हाडावरून उचलला. छेदाच्या खालच्या भागात थोडी बधिरता आहे.

या प्रकरणानंतर मी फऱ्याच्या रुग्णांना कागदावर एक ओळ लिहून देऊ लागलो आहे: सहा महिन्यांनंतरही फऱ्यात दुखलं, वाजलं किंवा हात वर जाईना, तर पूर्ण फऱ्याचा सीटी करा. नुसत्या ‘खांद्याच्या’ एमआरआयवर थांबू नका. रुग्ण पुढे कोणत्या डॉक्टरांकडे जाईल हे माझ्या हातात नाही, पण कागद त्याच्यासोबत जातो. कमी सरकलेल्या फ्रॅक्चरमध्येही तीन महिन्यांनी एक एक्स-रे, तिरक्या कोनातून फरा बरगड्यांपासून वेगळा दाखवणारा, मी आता प्रत्येकाचा काढतो. आणि हाताने काम करणाऱ्या माणसाला झोळी देताना त्याचं काम नेमकं काय, मजुरी कशावर, हे विचारून मगच ‘विश्रांती’ किती आठवडे ते लिहितो.

अण्णांनी मागच्या भेटीत विचारलं, प्लेट काढायची का. फऱ्यातल्या प्लेटांवर जाड मांस असतं, त्या सहसा टोचत नाहीत. काढायच्या तर पुन्हा तोच छेद, तीच नस. त्रास नसेल तर त्या तिथंच राहतील.